सेक्टर सातमधला समुद्र

रत्नमाला भोयर कुलूप लावून चार पावलं गेली की परत फिरायची आणि कुलूप ओढून बघायची. गॅस बंद केल्याचं तिला पक्कं आठवायचं, तरी बसस्टॉपवरून मुलीला घरी पिटाळायची. शाळेची बस दहा मिनिटं उशिरा आली तर ब्लॉकच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची, आणि बस दिसली की भाजीवाल्याला शोधत असल्यासारखं करून घरात शिरायची. भिलाईच्या सेक्टर सातमधल्या बायका तिला मागून हसायच्या. पण गावाला जाताना घराची किल्ली मात्र तिच्याचकडे द्यायच्या. तुळशीला पाणी, मांजरीला दूध, सगळं ती स्वतःच्या घरापेक्षा जास्त नेमानं करायची.

अशा बाईच्या दिवाणखान्यात चारशे लिटर समुद्र होता.

तो तिच्या नवऱ्यानं आणला होता. श्यामराव भोयर पोलाद कारखान्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. भट्ट्या थंड ठेवणारं पाणी किती जड, किती गढूळ, हे दिवसभर बाटल्यांतून तपासायचं, हे त्यांचं काम. एक्क्याऐंशी साली ते आईला घेऊन रामेश्वरला गेले. लोक तिथून वाळू आणतात, शंख आणतात. श्यामरावांनी झाकणाच्या दोन प्लास्टिकच्या बादल्यांत समुद्राचं पाणी आणि पाण्यातले दगड आणले. येताना दोन दिवस गाडीत ते सायकलच्या पंपानं बादल्यांत हवा भरत होते, आणि आई दुसरीकडे तोंड करून जपमाळ ओढत होती.

"गोटे आणले?" रत्नमालेनं दारातच विचारलं होतं. "वरूडच्या नदीत कमी होते काय?"

"गोटे नाहीत ते. जिवंत आहेत. पाहजो तू."

आणि खरंच, महिन्याभरात त्या दगडांतून काय काय बाहेर आलं! केसांसारखे पाय असलेले किडे, काचेवर चढणाऱ्या गोगलगाई, बोटांच्या जुडग्यासारखी मऊ पोवळी. बटणाएवढं एक समुद्रफूल होतं, ते हळूहळू जेवणाच्या ताटाएवढं झालं. पुढं मद्रासच्या एका दुकानातून दोन नारंगी मासे आले, अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि त्या फुलाच्या हलत्या बोटांत घर करून राहिले. श्यामरावांकडच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की असं फूल घरच्या पाण्यात सहा महिन्यांवर टिकत नाही. श्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला पाचवं वर्ष लागलं होतं.

लोकांना फुलापेक्षा टाकीचंच जास्त नवल वाटायचं. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत जाड काचा, आणि वर, भिंतीला टेकून, सार्वजनिक मुतारीत असते तशी आपोआप रिकामी होणारी फ्लशची टाकी. हवेच्या नळीतून पाणी थेंबाथेंबानं तिच्यात चढायचं आणि दर सहा मिनिटांनी भडाड्दिशी खाली कोसळायचं. खालची पोवळी एकदम वाकायची, पुन्हा उभी राहायची. "लाट लागते त्याईले," श्यामराव पाहुण्यांना सांगायचे. "नुसतं पाणी असून उपयोग नाही." पाहुणे गंभीरपणे माना डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर म्हणायचे, भोयरसाहेबांनी बैठकीत संडास बांधला.

पाणी यायचं जवळच्या चरोद्याहून. श्यामरावांचे वरूडपासूनचे मित्र आनंदराव तिथल्या यार्डात मालगाडीचे गार्ड होते. विशाखापट्टणमच्या बंदरातून कारखान्याला कोळसा यायचा, त्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यातून समुद्राचं पाणी यायचं. एकच गार्ड काही एवढ्या लांब येत नसे. तिथला गार्ड पुढच्या स्टेशनात दुसऱ्याच्या हाती कॅन द्यायचा, तो तिसऱ्याच्या. कॅनला लाल चिंधी बांधली की त्या मार्गावरच्या सगळ्यांना कळायचं, हे भिलाईच्या पागल माणसाचं पाणी आहे, सांडायचं नाही.

एप्रिलच्या विसाव्या तारखेला कुम्हारीजवळ रस्त्यावरच्या वाळूत श्यामरावांची स्कूटर घसरली. मांडीचं हाड मोडलं. सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात पायाला वजन बांधून त्यांना निजवलं आणि डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "शीला कुठाय? कागद घेऊन बस म्हणा."

दहावीची परीक्षा दिलेली मुलगी शीला उशाशी बसून लिहून घेत होती. दुपारी तीनदा बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडायच्या, काढायच्या. फुलाला आठवड्यातून दोनदा कोळंबीचा तुकडा. लोखंडाचा खिळासुद्धा आत पडता कामा नये. उन्हाळ्यात रोज नऊदहा लिटर पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज सकाळी गोडं पाणी घालून पातळी काचेवरच्या खुणेपर्यंत आणायची. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं.

"और मम्मी को बोलना टेन्शन मत ले," शीलानं शेवटी आपल्या मनानं लिहिलं आणि आईला दाखवलं.

रत्नमाला हसली नाही. तिला त्या टाकीची पहिल्यापासून भीती वाटायची. वीज आणि पाणी एकाच ठिकाणी, ही कल्पनाच तिला सोसत नसे. पण आता तिनं तो कागद देवघराच्या बाजूला चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठली.

तिनं काही म्हणजे काही चुकवलं नाही. फ्लशच्या आवाजावर तिचा कान असायचा. भाजी चिरताना, न्हाणीत, शेजारी बोलत असताना, सहा मिनिटं उलटून गेली आणि भडाड झालं नाही तर ती उठायची. मेच्या उन्हात चार वाजता छत्री घेऊन हॉस्पिटलात जायची, आणि श्यामराव तब्येतीचं सांगण्याआधी विचारायचे, "फूल उघडलं होतं का आज?"

"उघडलं होतं."

"पूर्ण?"

"पूर्ण वो. तुमी पाय पाहा आधी."

मेच्या दहा तारखेपर्यंत ते खरं होतं.

त्या दिवशी सकाळी काचेवरच्या दोन गोगलगाई खाली पडल्या होत्या. तिनं चिमट्यानं उलट्या सुलट्या केल्या. दुसऱ्या दिवशी सहा पडल्या. मग दगडाखाली राहणारी पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी पांढरी पडून वाळूत आडवी झाली. बोटांसारखं मऊ पोवळं एका बाजूनं वितळल्यागत झालं. फूल अर्धंच उघडायला लागलं. मासे मात्र ठणठणीत. त्यामुळं तिला काहीच उमजेना.

"मम्मी, पप्पा को बता देते हैं ना," शीला म्हणाली.

"मराठीत बोल. आणि काही सांगायचं नाही. पायाला वजन लटकलंय त्यांच्या. कुशीवर तरी वळता येते काय त्यांना?"

"लेकिन सब मर गया तो?"

"नाही मरत. मी पाहून राहिली ना."

ती पाहत होतीच. बर्फाची चौथी बाटली सुरू केली. कोळंबीचा तुकडा अर्धा केला. काचेला हात लावू नये म्हणून दारावरच शेजारच्या पोरांना अडवलं. गोडं पाणी तर ती आता दुप्पट काळजीनं भरायची. आणि रोज चार वाजता हॉस्पिटलात खोटं बोलायची. घरातली बाई आजारी असल्यावर पाहुण्यांसमोर बोलतात तसं, आवाज जरा चढवून.

मेच्या विसाव्या तारखेला फूल मिटलं. रात्री मिटतं तसं नव्हे. बोटं आत ओढली गेली, मधलं तोंड सैल उघडं पडलं आणि ताटाएवढं फूल वाटीएवढं झालं. दोन्ही मासे त्याच्याभोवती नुसते फिरत होते. आत शिरायला जागाच नव्हती.

त्या दिवशी तिनं श्यामरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच तिला जड गेलं. त्यांनी डोळे मिटून एकेक विचारलं. गोगलगाई कधी? कोळंबी कधी? मासे खातात? मग म्हणाले, "धुतलेल्या बाटलीत पाणी भर आणि देवरावला दे. प्रयोगशाळेत सगळं तपास म्हणा."

देवराव म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी. ते दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी घेऊन वॉर्डात आले. रत्नमाला स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती.

"खारेपणा बरोबर आहे," देवराव म्हणाले. "बाकीही ठीक. पण श्यामराव, तांबं निघालं. लिटरला पाव मिलिग्रॅमच्या वर."

"तांबं?"

"दोनदा केलं मी. तांबंच."

श्यामराव छताकडे बघत राहिले. "मासे सोसतात तेवढं. गोगलगाई, पोवळी, फुलं, त्याईले विषच ते." थोडं थांबून म्हणाले, "पण येईल कुठून? सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या आहेत. मी धातूचा तुकडा लावला नाही कुठं."

"वहिनींच्या हातून काही..." देवराव बोलता बोलता थांबले.

"हिच्या हातून?" श्यामराव पहिल्यांदाच हसले. "अरे, ही कुलूप तीनदा ओढून पाहते. साऱ्या दुनियेच्या हातून चूक होईल, हिच्या हातून नाही होणार."

रत्नमालेच्या हातातली मोसंबीची साल तुटली.

नळाचं पाणी रात्रभर ठेवायची प्लास्टिकची हिरवी बादली तिसऱ्याच दिवशी तडकली होती. दुसरी होती, पण तिला फिनाइलचा वास येत होता. लोखंड चालत नाही, हे कागदावर होतं. मग तिनं माळ्यावरून घागर काढली. तांब्याची, आर्वीहून आईनं लग्नात दिलेली. तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी शुद्ध होतं, हे तिनं लहानपणापासून बघितलं होतं. तिचे आजोबा तेच पाणी प्यायचे. समुद्राच्या जिवांना साधं नळाचं पाणी द्यायचं, तर निदान स्वच्छ तरी असावं. रोज संध्याकाळी ती घागर चिंचेनं घासायची, आतून बाहेरून, लखलखेपर्यंत. मग भरून वर पातळ फडकं टाकायची. गोगलगाई मरायला लागल्यावर तर ती दोनदा घासत होती.

तिनं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात दारातून आनंदराव आत आले, हातात टोपी, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"काय म्हणते पाय, भाऊ?"

श्यामरावांनी त्यांना बसूही दिलं नाही. "आनंदराव, एप्रिलमध्ये पाणी आणलं तू. दोन कॅन नवे होते, निळ्या झाकणाचे. कुठले ते?"

"बगीच्यातले आणले होते ना, वरूडहून. कावून, काय झालं?"

"बगीच्यात काय ठेवत होता त्याच्यात?"

आनंदरावांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. संत्र्याच्या झाडांवर फवारायचा मोरचूद, निळा निळा, तांब्याचाच क्षार. विदर्भात कोणत्या बगीच्यात तो नसतो?

"म्या धुतले होते भाऊ. तीनदा धुतले. गरम पाण्यानं. आमच्या हिराले विचार."

"मोरचूद होता की नव्हता?"

"एकात होता," आनंदराव म्हणाले. "दोन वर्साआधी."

देवराव चिठ्ठीची घडी करत बसले. पायाला बांधलेलं वजन जरासं हललं आणि श्यामरावांनी दात आवळले. "पाच वर्षं," ते एवढंच म्हणाले. आनंदरावांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, "चुकलो भाऊ," म्हणाले आणि निघून गेले. रत्नमाला त्यांच्यामागं व्हरांड्यापर्यंत गेली. ते पायऱ्या उतरत होते. तिनं हाक मारली नाही.

घरी आल्याबरोबर तिनं घागर माळ्यावर टाकली आणि दुकानातून प्लास्टिकची नवी बादली आणली. आता पुढचं नुकसान थांबलं, तिनं स्वतःला सांगितलं. कोणाला कळायचं कारण नाही. आनंदभाऊजी काय, महिन्याभरात विसरतील, दोघं लहानपणचे मित्र. असं तिनं पोळ्या लाटताना म्हटलं, शीलाची वेणी घालताना म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी छत्री उघडतानाही म्हटलं.

पण तांबं पाण्यात होतंच. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "आता उपाय काय?"

"निम्मं पाणी काढून ताजं समुद्राचं घालायचं. आठ दिवसांनी पुन्हा निम्मं. तरच."

"मग?"

"मग काय? आणणार कोण? आनंदरावचं पाणी आता मला नको. आणि तो आणणारही नाही, कोणत्या तोंडानं आणेल? राहू दे." त्यांनी मान भिंतीकडे केली. "जे मरते ते मरू दे, रत्ना."

त्या संध्याकाळी फूल दगडावरून सुटलं होतं. मुळाचा पांढरा तळवा वर करून वाळूवर पडलं होतं. फ्लशची लाट आली की लोळायचं. शीला काचेसमोर मांडी घालून बसली होती.

"मम्मी, इसको पकड़ के रखूँ क्या?"

"नको. हात नको लावू." मग रत्नमाला तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "शीला, उद्या मी चरोद्याला जाते. बर्फ तू बघ."

"आनंदकाका को डाँटने?"

"नाही," ती म्हणाली. "माझंच काम आहे."

रेल्वे कॉलनीतल्या आनंदरावांच्या क्वार्टरला ती यापूर्वी दोनदाच आली होती, हळदीकुंकवाला. यावेळी आनंदरावांच्या बायकोनं, हिरानं, दार उघडलं आणि ती बाजूला झाली नाही.

"आता काय राह्यलं वहिनी? दोन दिवस झाले, हे धड जेवले नाही. ड्युटीवरून आले की पडून राह्यते. त्या मुक्या किड्यांपायी माणसाले इतकं बोलाव काय?"

"आहेत का?"

"आहेत ना. मागं बसले आहेत."

मागच्या अंगणात आनंदराव बनियनवर बसले होते. त्यांच्यासमोर प्लास्टिकचे तुकडे पडले होते. निळं झाकण, मूठ, पत्र्यासारख्या कापलेल्या बाजू. कॅन त्यांनी विळ्यानं उभे चिरले होते. निळ्या झाकणाचेच नाही, सगळे. नऊच्या नऊ. लाल चिंध्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या होत्या.

रत्नमालेनं ते पाहिलं आणि बसायच्या आतच बोलली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"भाऊजी, तुमच्या कॅनमधून नाही गेलं तांबं. माझ्या घागरीतून गेलं. मी महिनाभर तांब्याच्या घागरीतलं पाणी घालून राहिली होती. चिंचेनं घासून. बादली फुटली म्हणून."

आनंदरावांनी वर पाहिलं.

"तुम्हाले कधी समजलं हे?"

"तवाच. देवरावांनी तांबं म्हटलं तवाच."

"मी यायच्या आधी?"

"आधी."

"आन् तुमी तिथंच बसल्या होत्या. मोसंबी घेऊन." ते उठले. "म्या चुकलो म्हणलो, भाऊचे पाय धरायचे तेवढे राह्यले होते, आन् तुमी आयकून राह्यल्या होत्या. मंग तवा कावून नाही बोलल्या?"

"भ्यायले."

"कोनाले? श्यामले? त्यो तर पाय बांधून पडला होता वो!"

नवरा नुकताच म्हणाला होता की हिच्या हातून चूक होणार नाही, आणि त्या वाक्यातून बाहेर पडायची तिला भीती वाटली होती, हे असं उन्हात उभं राहून कोणाला सांगायचं? हिरा दारात येऊन उभी होती. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला, रत्नमालेपुढे धरला आणि तिला प्यावं लागेल इतका वेळ धरून ठेवला.

"फूल सुटलंय दगडावरून," पाणी पिऊन झाल्यावर रत्नमाला म्हणाली. "ताजं पाणी मिळालं तर वाचेल म्हणतात. दोनशे लिटर तरी. तुमचं पाणी नको, म्हणत होते ते. तुम्ही नाही म्हणालात तर मी कोणत्या तोंडानं आग्रह करू? पण विचारायला आली."

आनंदरावांनी पायानं एक चिरलेला तुकडा उलटा केला. "कशात आणू? हे पाहा ना काय करून ठेवलं."

"बादल्या घेऊन देते."

"बादलीत मालगाडीतून समुद्र येते काय वो? विजयनगरमपावतरच अर्धा सांडते." ते आत गेले, शर्ट चढवत बाहेर आले. अजून त्यांचा राग उतरला नव्हता, बटणं चुकीच्या काजात लावत होते. "यार्डातल्या दर गार्डाजवळ पाणी प्यायचा एक कॅन असते. दहा लिटरचा. मागून पाहतो. पन एक सांगतो वहिनी. श्यामले तुमीच सांगा. मले मधात नका घेऊ."

"आत्ता तिकडेच जाते."

"सांगा. आन् त्याले म्हणा, आनंदरावचं पाणी नको म्हणत होता ना, मंग पाय बरा झाला का सोता जा समुद्रावर, बादली घेऊन."

चार वाजायला पाच मिनिटं असताना ती वॉर्डाच्या दारात उभी होती. श्यामरावांना तिनं एका दमात सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. झाल्यावर उशाखालचं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी मांडत बसले.

"रोज दहा लिटर?"

"बारा. उन्हाळा कडक होता."

"पंचवीसेक दिवस." त्यांनी आकडा काढला आणि त्याखाली रेघ मारली. "बरोबर येते." मग पेन खाली ठेवलं. "आनंदरावला?"

"आधी त्यांनाच सांगितलं."

"काय म्हणाला?"

"रागावले. कॅन फाडून टाकलेत सगळे. पण पाणी आणतो म्हणाले."

श्यामरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळून बघायला लागला. ते रडताहेत की आणखी काय, तिला कळेना, आणि हात लावायचा धीर होईना.

"मी त्याला चोरासारखं विचारलं," हातांआडून ते म्हणाले. "मोरचूद होता की नव्हता! त्याच्या तोंडावर."

"मी गप्प राहिले म्हणून."

"हो," ते म्हणाले. "तू गप्प राहिलीस म्हणून." त्यांनी ते नाकारलं नाही, आणि तिनंही त्यांनी नाकारावं अशी वाट पाहिली नाही.

निघताना त्यांनी तिला परत बोलावलं. "ऐक. पाणी येईपर्यंत फूल तगलं नाही तर ते सडेल. सडलं तर एका दिवसात सगळं पाणी नासवेल, मासे धरून. त्याआधी काढून टाकावं लागते. रोज पाहायचं."

"कसं ओळखू? मेल्यासारखंच दिसते ते."

"बोट लावून. जिवंत असलं तर बोटाला चिकटते. मेलेलं बोळ्यासारखं सुटून येते हातात. शीलाला नको लावू देऊ, तूच कर."

पाणी यायला पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी तिनं हात घातला नाही. काचेतूनच बघितलं आणि अजून रंग आहे, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फुलातून एक तपकिरी धागा निघून पाण्यात तरंगला. चौथ्या दिवशी दुर्गंधी येते का म्हणून ती दर तासाला टाकीवर वाकत होती. वास येत होता. समुद्राचाच असतो तसा, की वेगळा, हे तिला ठरवता येईना. बोट लावलं आणि हातात बोळा आला तर? मग आनंदरावांना काय सांगायचं, फाडलेल्या कॅनचं काय, आणि त्यांच्याबद्दल वॉर्डात जे बोललं गेलं त्याचं काय? जिवंत आहे असं समजून पाणी ओतलं आणि ते आतल्या आत सडत असलं, तर मासेही जातील. दोन्ही बाजूंनी तिचीच चूक होणार होती.

पाचव्या दिवशी सकाळी बाहेर टेम्पो थांबला. आनंदराव उतरले आणि एकेक कॅन पायरीवर ठेवायला लागले. पांढरे, पिवळे, रंग उडालेले. कुणावर नाव रंगवलेलं, कुणावर गणपतीचं चित्र, एकाला फाटक्या चड्डीची नाडी मुठीसारखी बांधलेली. बावीस कॅन. प्रत्येकाला लाल चिंधी होती.

"यार्डातले सारे गार्ड चार दिवसापासून नळाले तोंड लावून पाणी पिऊन राह्यले," ते म्हणाले. "कुठं ओतायचं?"

"थांबा," रत्नमाला म्हणाली. "आधी ते बघू द्या."

तिनं पंपाची पिन काढली. दिव्याची काढली. पुन्हा दोन्ही जागी जाऊन बटणं बघितली. शीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रत्नमालेनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, पदर खोचला आणि टाकीत हात घातला.

पाणी तिच्या कल्पनेपेक्षा कोमट होतं. दोन्ही मासे तिच्या मनगटावर धावून आले आणि टोचल्यासारखे चावले. तिनं हात मागे घेतला नाही. वाळूपर्यंत पोचायला खांद्यापर्यंत हात बुडवावा लागला, गाल काचेच्या कडेला टेकला. फूल तिच्या बोटांखाली आलं. बिलबिलीत, आणि एकदम गप्प. तिनं तर्जनी त्याच्या आक्रसलेल्या कडेवर ठेवली आणि उचलली. बोट सुटून आलं.

"वहिनी?" आनंदराव म्हणाले.

तिनं दुसरीकडे, जिथं एक आखूड जांभळं टोक अजून दिसत होतं तिथं, बोट ठेवलं. ठेवून राहिली. हात दुखायला लागला. एक मासा कोपराजवळ पुन्हा चावला. मग तिनं अगदी हळू बोट वर घेतलं, आणि ते जांभळं टोक बोटाबरोबर वर आलं, ताणलं गेलं, आणि सुटेना. मांजराच्या जिभेसारखं काहीतरी तिच्या कातडीला धरून होतं. फार थोडं. जोर केला असता तर सुटलं असतं.

"ओता," ती पाण्यावर वाकलेलीच म्हणाली. "हळू ओता, भाऊजी. माझा हात आत आहे."